खुर्चीवरचा स्कार्फ

४ फेब्रुवारी, रविवार

माती खाल्ली! ताईने नाही, मीच.

आमची पद्धत ठरलेली. नेटवर ओळख झालेल्या माणसाला पहिल्यांदा भेटायचं ते दिवसाउजेडी, कॅफेत, आणि ताई माझ्या पाठीमागच्या टेबलावर. मी स्कार्फ काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला की तिने समजायचं – मला सोडव. मग तिचा फोन: "लवकर ये, आई पडली." मागे त्या बढाईखोर इंजिनिअरच्या तावडीतून अशीच सुटले होते.

आजचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. मी कवळ्या बनवते, त्यामुळे माझी नजर आधी दातांवर. समोरचा एक जरासा वाकडा – हसला की छान दिसतो. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की काम होईपर्यंत तो बाहेरून गप्पा मारत राहतो म्हणे. "आतल्या माणसाचा धीर सुटता कामा नये." मी इतकी हसले, इतकी सैलावले की उकडायला लागलं. स्कार्फ कधी काढून मागे टाकला, कळलंच नाही.

फोन वाजला. ताईचा आवाज मुळातच खणखणीत. पढवलेलं वाक्य तिने चोख म्हटलं. मी तिथल्या तिथे हसून त्याला खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी पर्स उचलली.

"सोडू का घरी?" म्हणाला. "नको," म्हटलं.

५ फेब्रुवारी

सकाळीच मेसेज – आई कशी आहे? लिहिलं, बरी आहे.

ताई म्हणते, "आता काय सांगणार? पहिल्याच भेटीला पहारेकरीण आणली होती म्हणून? जाऊ दे गं, दुसरा भेटेल." तिच्यावर चिडता येत नाही. बिचारी स्वतःचा रविवार मोडून येते.

८ फेब्रुवारी

रोज विचारतो. तेवढं एकच. आज "बरी आहे" पुरेसं वाटेना, म्हणून ठोकून दिलं – हाताला प्लॅस्टर आहे. लिहिलं तेव्हा आई स्टुलावर चढून पंखा पुसत होती. स्वतःचीच लाज वाटली.

९ फेब्रुवारी

मेसेज नाही.

१२ फेब्रुवारी

अजून नाही. लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीत डावीकडचे दात उजवीकडे बसवले. मालक म्हणाले, "लक्ष कुठाय तुझं?" फोनमध्ये होतं.

१५ फेब्रुवारी

सगळं लिहून पाठवलं. स्कार्फ, ताई, प्लॅस्टर – काही लपवलं नाही. मला तिथून उठायचंच नव्हतं, हेही. एवढं एक वाक्य कॅफेच्या दारात म्हणता आलं असतं, तर!

आईलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला कशाला पाडलंत गं? ताईलाच पाडायचं." आधी हसू आलं, मग रडू.

१६ फेब्रुवारी

उत्तर आलं. "तुमच्या मागे बसून फोन करणाऱ्या बाई मला समोरच दिसत होत्या. शब्द न् शब्द ऐकू आला. वाटलं, मी आवडलो नाही. पण तुम्ही उत्तरं देत राहिलात, म्हणून रोज विचारत राहिलो – आज तरी सांगाल. प्लॅस्टर आलं तेव्हा थांबलो. आता पुन्हा भेटणं नको. आईंना नमस्कार सांगा."

म्हणजे तो रोज मला सोडवायलाच येत होता.