आपल्या गावच्या विहिरीची ओळ

प्रिय दादा,

तुझा शोधनिबंध उद्या सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला न्यायचाय. परिषदेत दाखल करायची मुदत उद्याच संपते. आणि आबा दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीत. कुणापाशी मन मोकळं करू? म्हणून तुलाच लिहायला बसले.

तू गेल्यावर सांगलीहून तुझ्या कॉलेजातले सर भेटायला आले होते. म्हणाले, "निबंध टाइप होऊन पडलाय, आहे तसाच पाठवू. गेलेल्या माणसाच्या लिखाणाला कोण नावं ठेवणार?" आबांनी लगेच मान डोलावली. मला मात्र ते बोलणं टोचलं. नावं ठेवणार नाहीत म्हणजे काय? दया दाखवून पास करणार तुला?

तुझं काहीही कुठं पाठवायचं झालं की तू मोठ्यानं वाचायचास आणि मी मूळ कागदावर बोट फिरवत जायची. मी "थांब" म्हटलं की लय चिडायचास! "मास्तरीणबाई, तुला काय कळतंय भूगोलातलं?" पण थांबायचास. धुसफुसत का होईना, चूक नीट करायचास. आपल्या वस्तीतल्या पोराची एक चूक सापडली की लोक पुढचं पान उलटत न्हाईत, हे तूच म्हणायचास ना?

या वेळी वाचणारीही मी आणि बघणारीही मीच. तू गावोगाव विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलंस, ओढ्यावर बांध घालायच्या आधी आणि घातल्यावर. सगळ्या गावांची दोन्ही मापं वैशाखातली. आपल्या गावच्या ओळीवर आले आणि जीभच अडली. पहिलं माप वैशाखातलं, दुसरं कार्तिकातलं! अरे, पावसाळा सरल्यावर कुठल्या विहिरीचं पाणी वर येत नाही? शेंबडं पोरही सांगेल! आणि त्याच्याखाली तुझं वाक्य, की सगळ्यात जास्त पाणी आपल्याच बांधानं दिलं.

मला ठाऊक आहे काय झालं असेल. आपलंच गाव, कधीही मोजू, म्हणून तू इथलं दुसरं माप शेवटाला ठेवलंस. मग काविळीनं गाठलं. तशा अंगानं कार्तिकात विहिरीवर गेलास. वैशाख बघायला मिळणार नाही, असं वाटलं होतं का रे तुला? मग मला का नाही सांगितलंस? मी काय परकी होते?

तो बांध आबांचा आहे, हे का मला माहीत नाही? दुष्काळी कामावर दगड वाहून त्यांचा खांदा कायमचा गेला. सरांनी तुझं ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा आबांनी परत वाचायला लावलं. तू गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला होता.

आज मी तेच वाक्य खोडलं, दादा. वरच्या प्रतीत आणि खालच्या सगळ्या कार्बन प्रतींतही. शेजारी लिहिलं, की या गावची मापं वेगळ्या ऋतूंतली असल्यानं तुलना करता येत नाही. आणि जेवताना आबांना सांगून टाकलं.

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "पोराच्या हातचं शेवटचं हाय ते. तू कोन खोडनारी?"

"आवं आबा, बांध खोटा आहे असं कुठं म्हणतेय मी? पुरावा अपुरा पडतोय."

"म्हंजे बांधानं पानी वाढलं न्हाई?"

"ठाऊक नाही."

"आमी डोळ्यानं बगितलंय की!"

मग माझाही तोल सुटला. म्हटलं, "धम्माची दीक्षा घेतल्यापास्नं तुमीच सांगत आलाय, कुनी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. ते दादाच्या लिखाणाला लागू न्हाई व्हय?"

आबा उठून बाहेर जाऊन बसले. ताट तसंच राहिलं. चुकलं का रे माझं? बाप दुखावला, आणि भाऊ रागवायलाही राहिला नाही!

तुझी बाकीच्या गावांची मापं चोख आहेत. त्या एका ओळीपायी परिषदेत कुणी हसलं असतं तर मला सोसलं नसतं. आणि हसू दाबून गप्प बसले असते, तर त्याहून नाही. तुझं नाव मला कुणाच्या मेहेरबानीवर ठेवायचं नाही.

येत्या वैशाखात मी दोर घेऊन आपल्या विहिरीवर जाईन. आबा आले तर त्यांना घेऊन, नाही आले तर एकटी. पाणी वाढलेलं निघालं, तर तुझं वाक्य तुझ्याच नावानं परत लिहीन. नाही निघालं, तर तेही लिहीन. मात्र साताऱ्याला कळवायच्या आधी आबांच्या समोर बसून मी ते त्यांना सांगेन. शब्द देते.

तुझी धाकटी बहीण,
शांता