पेनवेनच्या नावाने

ब्रिन टेग,
१४ ऑगस्ट १९७९

चि. इथेल,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गवत कापून आत घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला, म्हणजे यंदा नशीब जोरावर आहे म्हणायचं. चॅपलचं छत पुन्हा गळतंय. शेजारच्या मॉरविथबाई तुझी चौकशी करतात.

वर्षच विचित्र गेलं. मार्चच्या मतदानात वेल्सच्या लोकांनी वेल्सची विधानसभा नको म्हटली, तेव्हा तू माझ्या चुलीजवळ बसून रडलास. "आपल्याच माणसांनी घात केला, ताई." तुला बरं वाटावं म्हणून मी आईवरची माझी कविता काढून दाखवली. दोन हिवाळे घासली होती ती. कवितेचे नियम तूच शिकवलेले, त्यामुळे तुझा शब्द प्रमाण. तू म्हणालास, "अजून कच्ची आहे. यंदा मेळ्याच्या काव्यस्पर्धेला पाठवू नकोस. माझ्याकडे दे, बघतो."

मी दिली.

गेल्या गुरुवारी मेळ्याच्या मंडपात परीक्षकांनी सर्वोत्तम कवितेची मानाची खुर्ची जिंकणाऱ्याचं, कवितेखाली घातलेलं टोपणनाव पुकारलं: पेनवेन. आपल्या आईची गाय. शेवटी शेवटी आई मला ओळखत नव्हती, पण वीस वर्षांपूर्वी विकलेल्या पेनवेनला रोज हाक मारायची. माझ्या कवितेची पहिली ओळच ती. मी अर्धी उठलेसुद्धा. मॉरविथबाईंनी कोट धरून खाली ओढलं. "बस गं नेस्टा, कवीला उठू दे. तुझं काय मधेच?"

मग पलीकडच्या रांगेत तू उठलास.

जिंकणाऱ्याला महिनाभर आधी कळवतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे जुलैत माझ्या हातचा मनुकांचा पाव खाताना तुला माहीत होतं.

तुझ्या डोक्यावर तलवार अर्धी उपसून कुणाची हरकत नाही ना म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे तीनदा विचारलं, "शांतता आहे का?" सगळा मंडप "शांतता" म्हणाला. मीही म्हणाले, तिन्ही वेळा. खोटं कशाला सांगू, नाही म्हणायचा धीर झाला नाही. त्याची मला तुझ्याइतकीच चीड येते.

खुर्चीचं मला काही नाही रे. पण आई गेली तेव्हा तू कार्डिफला होतास. तिला भरवलं मी, उचललं मी, आणि लोक आता तुझा हात हातात घेऊन म्हणतात, किती सोसलंस.

शुक्रवारी चॅपलमधे तुझा सत्कार आहे. कविता बहिणीने वाचावी असं ठरलंय. मी हो म्हटलं.

तुला दिलेल्या कागदांत शेवटचं कडवं नव्हतं. शेवटच्या दुपारी आईने गाईला नाही, तुला हाक मारली. इथेल येतोय म्हणाली आणि दार उघडं ठेवायला लावलं. संध्याकाळपर्यंत ते उघडंच होतं. तुला लागेल म्हणून ते कडवं मी बाजूला ठेवलं होतं.

शुक्रवारी तेही वाचीन. पुढच्या बाकावर बस.

अजून तुझीच बहीण,
नेस्टा