सब्ज्याला पाणी कोण घालणार

प्रिय साजिद,

शाळेपासून आपण मराठीतच भांडलो, म्हणून हेही मराठीतच लिहितोय. आज शुक्रवार. दुपारी कब्रस्तानातून आलो आणि जेवण गेलं नाही. तुझ्यापाशीच बोलायला हवं होतं, पण तिथे तोंड उघडेना.

आधी मुद्द्याचं. मी तुझ्यावर जळतो. हायवेवर तुझी गाडी घसरली त्याला आठ महिने झाले, तरी जळतो.

निलोफर माझ्या वर्गातली. तुमचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मी कॉलेज का सोडलं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. अभ्यास जमत नाही म्हणून मार्केट यार्डात मामाच्या फुलांच्या गाळ्यावर बसतो, असं सगळ्यांना सांगितलं. तू खांद्यावर हात टाकून म्हणालास, "बरं झालं, लग्नाची फुलं फुकट." फुलं फुकटच दिली रे. पण कुठे नेऊन घालावी लागली!

तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआनंतर तिचा फोन आला. आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून माझी आठवण झाली. तिने बाल्कनीत सब्जा लावला होता. ते रोप मी तुझ्या उशाशी लावलं. दर शुक्रवारी तिच्या घरून पाण्याची बाटली घ्यायची, रोपाला घालायची, फातिहा पढायचा, फोटो पाठवायचा. आठवडाभर मी त्या बाटलीची वाट बघायचो. एकदा फोटोवर तिचं लगेच उत्तर आलं. म्हटलं, आज तरी काहीतरी माझ्यासाठी असेल. लिहिलं होतं, "तुझी सावली पडलीये त्याच्यावर. बाजूला होऊन काढ ना."

बाजूला होऊन काढला. दुसरं काय करत आलोय?

दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, मौलानासाहेबांना विचारशील का, मला एकदा तरी येता येईल का म्हणून. विचारलं. त्यांनी मला बसवून नीट सांगितलं. कबरींवर जायला आधी मनाई होती, मग परवानगी मिळाली. ती बायकांनाही आहे का, यावर आलिमांचं एकमत नाही. काही नको म्हणतात, काही म्हणतात की रडारड आरडाओरडा न करता, सब्र ठेवून, दुआ करून येणार असेल तर जावं. इथे बायका येत नाहीत ती बरीचशी पद्धत म्हणून. शेवटी म्हणाले, "सकाळी गर्दी नसते. साजिदच्या आईसोबत येऊ दे पोरीला. मी अडवणार नाही."

आणि मी तिला काय सांगितलं? नाही म्हणाले.

ती स्वतः आली असती तर बाटली कुणी दिली असती मला? फोन कशाला केला असता? ती एवढंच म्हणाली, "बरं. मग तूच जात जा." आणि मी खूश झालो, साजिद. तुझ्या कबरीच्या जिवावर खूश झालो.

आज फाटकाशी पोचलो तर ती बाहेर रस्त्यावर उभी, भर उन्हात. सोबत तुझी अम्मी. आत मनाई आहे ना, म्हणून बाहेरून तरी. तिने बाटली दिली आणि विचारलं, कुठल्या बाजूला? मी हात केला. भिंतीमुळे काही दिसत नव्हतं, तरी दोघी तिकडेच बघत राहिल्या.

मी आत वळलो तेव्हा अम्मी म्हणाली, "अल्ताफ, उशाकडून घाल रे पाणी. त्याला ऊन सोसत नाही."

जळलो तुझ्यावर आणि बाहेर ठेवलं तिला! तिच्यासोबत तुझी आईही बाहेर राहील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरं सांगतो. पण आज ती समोर होती तेव्हाही मी गप्प बसलो. त्याला काय कारण देऊ?

तूही जरा चुकलासच. गाडी हळू चालव म्हणून किती वेळा बोललो होतो? लग्न झालं असतं तर मी तुम्हाला शिव्या घालून दोन वर्षांत सावरलो असतो. जिवंत माणसाशी भांडता येतं. तुझ्याशी कसं भांडू?

हे लिहून झालं की तिला फोन करणार आहे. मौलानासाहेब काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगेन, आणि मी काय केलं तेही. त्यानंतर तिचा फोन येणार नाही, माहीत आहे.

उद्या सकाळी अम्मीला आणि तिला फाटकापर्यंत आणून सोडेन. तिसऱ्या रांगेत, कडुनिंबाखाली, हे सांगेन आणि बाहेर थांबेन. बाटली तिच्याच हातात असेल. फोटो काढलाच तिने, तर त्यात माझी सावली नसेल. शब्द देतो.

अजूनही तुझ्यावर जळणारा,
अल्ताफ