दोर बांधणाऱ्याचं कलम

बाबा, आज मी धाकट्याची गाडी अडवली. तुमच्या धाकट्याची, माझ्या सख्ख्या भावाची, चामोर्शीच्या रस्त्यावर, भर दुपारी, दहा माणसांदेखत. वीस हजारांचं चालान केलं आणि जादा माल उतरवल्याशिवाय चाक हलू दिलं नाही. तो माझ्याशी बोलेनासा झाला आहे. संध्याकाळी घरी आले ती अंगावरची खाकी न उतरवताच वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तुम्ही मला या वर्दीत पाहिलंच नाही. मी मोटार वाहन निरीक्षक आहे, बाबा. रस्त्यात गाड्या थांबवते, कागद बघते, माल बघते. आणि सगळ्यांत आधी दोर बघते, ही सवय कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको.

एटापल्लीच्या बांबू डेपोवर तुमच्यासारखा दोर बांधणारा दुसरा नव्हता, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, ड्रायव्हर लोक सांगायचे. ट्रकवर बांबू चढला की ठेकेदार तुम्हालाच हाक मारायचा. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारायचात, कुठे काही बोलायचा नाहीत, मग अंबाडीचा दोर खांद्यावर टाकून वर चढायचात. बांधून झालं की बाकीचे हमाल बिडी पेटवायचे आणि तुम्ही सायकल काढायचात. गाडी पुढे, तुम्ही मागे, थेट गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत. तिथे ड्रायव्हरला थांबवून एकेक दोर पुन्हा ओढायचात, आणि मगच म्हणायचात, "जा आता." लोक हसायचे. गाडीला सासरी पोचवायला चालला, म्हणायचे. मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही मला समजावलं होतं, "बांबू चढवला तवा उभा असते पोरी, चार खड्डे लागले का मंग बसते. तो बसला का दोर ढिला. डेपोवरचा दोर खोटा, नाल्यावरचा खरा." कोणी शिकवलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, त्याचा एक पैसा जास्त मिळत नव्हता. तरी उन्हातान्हात जायचात.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी तुमचा दोर काढून मोहाच्या फांदीला झुला बांधला होता आणि धाकट्याला झोके देत होते. तुम्ही आलात, धाकट्याला आधी खाली उतरवलं आणि मग माझ्याकडे वळलात. "याचा पीळ सुटला तं मले दिसन का वरून? रस्त्यानं मानसं चालतेत याच्यामागं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. वाटलं होतं, दोरापायी मुलीवर ओरडतो हा माणूस.

मग तो जून. पाऊस लागायच्या आत डेपो रिकामा करायची घाई, आणि मला डिप्लोमाच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला हवा होता. शेवटची तारीख. रात्री वळीव पडून गेला होता आणि बाहेर राहिलेला दोर भिजून चिंब झाला होता. ओला अंबाडीचा दोर आखडतो, बांधताना तो पक्का वाटतो, आणि उन्हाने सुकला की सैल पडतो. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही ड्रायव्हरला दोनदा बजावलं, नाल्यावर थांब, ऊन चढू दे, पुन्हा ओढून घे. तो हो म्हणाला. सात वाजता गडचिरोलीची बस होती, तुम्ही माझ्यासोबत बसमध्ये चढलात. त्या एका दिवशी तुम्ही नाल्यावर गेला नाहीत. ड्रायव्हर थांबला नाही. चामोर्शीच्या अलीकडे वळणावर बांबूची अर्धी थप्पी रस्त्यावर आली आणि सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाचा पाय तिच्याखाली गेला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः ठाण्यात गेलात. कोणी बोलावलं नव्हतं. मी हट्टाने सोबत आले होते, बाकड्यावर बसून सगळं ऐकलं. तुम्ही हवालदाराला म्हणालात, "दोर माझा होता साहेब. मी बांधलो. नाल्यावर मी नाई गेलो. माझं नाव लिवा." तो म्हातारा हवालदार चांगला माणूस होता. त्याने चष्मा काढला आणि सांगितलं, "अरे भाऊ, कायद्यात ड्रायव्हर हाय, गाडीचा मालक हाय. दोर बांधनाऱ्याचं कलमच नाई. तुले काय लिहू? घरी जा." तुम्ही दुपारपर्यंत तिथेच बसून राहिलात. घरी आल्यावर आई म्हणाली, सुटलो बाप्पा. तुम्ही म्हणालात, "सुटलो कुठी? माझ्यासाठी कलमच नाई म्हंते." त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तुम्ही त्या माणसाच्या घरी जात होतात, त्याच्या शेतात धानाची रोवणी, निंदणी, पडेल ते काम करून देत होतात. लोक आपल्या बापाच्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगतात ना, तशी मी ही सांगते. माझा बाप स्वतःसाठी कलम शोधत ठाण्यात गेला होता. माझी छाती फुगते हे सांगताना.

कायदा आता बदलला आहे. माल बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने हद्दीबाहेर गेला की कलम एकशे चौऱ्याण्णव, वीस हजार, आणि बाहेर आलेला माल तिथेच उतरवायचा, तोही गाडीवाल्याच्या खर्चाने. तुमच्या वेळचा दंड ठेकेदार चहापाण्यात धरायचा, आता त्याला घाम फुटतो. दोर बांधणाऱ्याचं कलम मात्र अजूनही नाही. म्हणून मी माझ्या हाताने एक भर घातली आहे. जड गाडीच्या लायसन्सला जो येतो त्याला पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न विचारते, माल भरून निघालास, पहिल्यांदा कुठे थांबशील? धाब्यावर म्हणाला की परत पाठवत नाही, पण अर्धा तास ऐकवते. ड्रायव्हरांत आता बोलतात म्हणे, मॅडमसमोर जायचं तर नाल्याचं पाठ करून जा. हसू द्या. तुम्हालाही हसायचेच.

तर आजचं. धाकट्याची गाडी समोरून आली ती आधी गाडी वाटलीच नाही. धानाचं तणीस, मळणीनंतरचा पेंढा, दोन्ही बाजूंनी इतकं फुगलेलं की समोरच्या एसटीला रस्ता सोडून खाली उतरावं लागलं. मी हात केला. तो हसतच उतरला, घरी मारतो तशीच हाक मारत. "बाई, आज इथी ड्यूटी हाय का?" मी कागद मागितले तेव्हा हसू गेलं. म्हणाला, "तनीस हाय बाई, लोखंड नाई. पडलं तं कोनाचं काय फुटते?" मी डाव्या बाजूचा दोर धरून हलवला, तो हातात आला तसा लोंबायला लागला. एवढ्या डोंगराला दोनच दोर. मी चालानचं मशीन काढलं. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मी कोन हाय, ध्यानात हाय ना तुह्या?"

"हाय. म्हनूनच मीच करून राह्यली. दुसऱ्याले नाई सांगत."

 तो काहीतरी बोलणार होता, ओठ हलले, मग आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं आणि दोर सोडायला वळला. दोन मजूर बोलावून तणीस उतरवायला दीड तास गेला. उरलेला माल बांधायला तो वर चढला आणि मीही चढले, टोपी जीपमध्ये ठेवून. खाली लोक मोबाईल काढून उभे. मी दोर आडवा टाकला तर तो म्हणाला, "तसा नाई, खालून घे. बाबा खालून घेत होते." तुम्ही गेलात तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, बाबा, आणि त्याला आठवत होतं. आम्ही दोघांनी मिळून सहा दोर ओढले. एकही हलला नसता, तुम्ही येऊन बघितलं असतं तरी. खाली उतरल्यावर त्याने माझ्याकडे न बघता गाडी काढली. संध्याकाळी मी तीनदा फोन केला. तुमच्या सूनबाईने उचलला, म्हणाली, ते बाहेर गेले. मागे त्याचाच खोकला ऐकू येत होता.

मी उरलेला दिवस ताठ मानेने फिरले. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, याला म्हणतात नोकरी. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला. धाकटा काय बोलणार होता ते मला माहीत आहे. याच हंगामात, याच रस्त्यावर, अशीच फुगलेली त्याची गाडी माझ्यासमोरून दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मी दुसऱ्या एका गाडीचे कागद वाचण्यात गुंतल्यासारखं केलं. त्याने हॉर्न वाजवून सलाम केला होता. दहा माणसांत त्याने आज एवढंच म्हटलं असतं, मागच्या दोनदा काऊन नाई अडवलं, तर त्या टाळ्या वाजल्याच नसत्या. त्याने म्हटलं नाही. वीस हजार अंगावर घेतले आणि बहिणीची अब्रू झाकली. तुमचा खरा मुलगा तो आहे.

आणि माझ्यासाठी कलम आहे, बाबा. कर्तव्यात कसूर, सेवानियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे, परीक्षेला मी ते पाठ केलं होतं. खरं सांगू का? आज वही काढली ती तुम्हाला लिहायला नव्हे. मागच्या पानावर साहेबांच्या नावाने "महोदय" एवढं लिहिलेलं आहे. त्यापुढे हात चालेना, म्हणून पान उलटलं आणि तुम्हाला लिहीत बसले.