जालन्याने न ऐकलेला सोलो

२ मार्च २०२५, रविवार

आजपासून युद्ध.

बेसाल्ट पुन्हा उभा राहतो आहे. बेसाल्ट म्हणजे आमचा कॉलेजातला रॉक बँड. अपूर्व ड्रमवर, निखिल रिदम गिटारवर, मी लीड गिटारवर. १ जूनला कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तिथे आम्ही आमचेच 'लोडशेडिंग' हे गाणे वाजवणार. बावीस वर्षांपूर्वी गॅदरिंगमध्ये याच गाण्यात माझा चाळीस सेकंदांचा सोलो सुरू होणार, तोच वीज गेली. जालन्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा सोलो जालन्याने ऐकलाच नाही. ही जखम मी बावीस वर्षे वागवतो आहे, आणि दर सेवानिवृत्ती समारंभातल्या भाषणात सांगतो आहे.

अपूर्व आता पुण्यात असतो, आणि वागतोही तसाच. त्याने ग्रुपवर फर्मान काढले: निखिल आणि केशव (म्हणजे मी), दोघांनी तोच सोलो घरी रेकॉर्ड करून ३० एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. ज्याचा चांगला, तो स्टेजवर लीड वाजवणार. दुसऱ्याने मागे रिदम धरायचा.

माझी परीक्षा. तीही निखिलशी. जो माणूस खरा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, वापरत नाही. त्याच्या लॅपटॉपात अँपचे चित्र असते आणि त्या चित्रातले बटण तो माउसने फिरवतो. उद्या चित्रातली भाकरी खाईल.

संकल्प: रोज पहाटे पाच ते सात रियाज.

३ मार्च

उठलो साडेसातला. दोष गजराचा. आणि खरे तर आधी साधने, मग साधना. कपाटावरून गिटार काढली. तारांना गंज. या घरात हिची कदर कधी झाली नाही.

८ मार्च, शनिवार

नव्या तारा चढवल्या. अँप लावला. रेकॉर्डिंगची डबी लॅपटॉपला जोडली. स्विच दाबला.

घूं.

एकसुरी, जाड, निर्लज्ज घूं. बदनापूरहून मालगाडी निघाली आहे आणि पोचतच नाही, अशी.

तारांना हात लावला की घूं जरा कमी होते. गिटार मालकाला ओळखते. शिवाय तारांवर बोटे ठेवली की झिणझिण्या येतात. कॉलेजात असे कधी झाले नव्हते. वयाबरोबर स्फूर्ती वाढते, असे मी कुठेतरी वाचले होते.

कल्याणी, माझी पत्नी, म्हणाली की हल्ली फ्रीजच्या दारालाही झिणझिण्या येतात. शाळेत गणित शिकवते. तिला संगीतातले काय कळणार.

९ मार्च

घूं असेपर्यंत रियाज स्थगित. हा आळस नव्हे, तत्त्व आहे. अशुद्ध आवाजात मी वाजवणार नाही. मुलगी भार्गवी (अकरावी) म्हणाली की अँप न लावताही बोटे तर चालवता येतात. या पिढीला तत्त्व म्हणजे काय ते शिकवलेच गेले नाही.

१५ मार्च

इंटरनेटवरच्या एका पोराने सांगितले की दोष केबलचा. वय वीस असेल, मिशी नाही, सल्ला जगाला. पण केबल मागवली. जाड, काळी, दोन्ही टोकांना सोनेरी पाणी.

१९ मार्च

केबल आली. घूं तशीच, फक्त आता तिच्यात बारकावेही ऐकू येतात.

२३ मार्च, रविवार

सासूबाई आल्या. पुष्पाबाई, मुक्काम कुंभार पिंपळगाव. मोतीबिंदूचे ऑपरेशन, मग महिनाभर आराम. शेती स्वतः पाहतात, विहिरीवरची मोटरही स्वतः पाहतात, आणि आता इथे मलाही पाहणार.

आल्या आल्या विचारले की आत काय घुमून राह्यलंय. मी विद्युतचुंबकीय हस्तक्षेप ही संकल्पना दहा मिनिटे समजावून सांगितली. पूर्ण ऐकून म्हणाल्या, "आमच्या मोटरीचंबी असंच व्हतं, केशवराव. अर्थिंग वाळली की बॉडीला हात लावला की झिणझिण करती. खड्ड्यात पाणी टाका, मंग बघा."

जगातल्या मोठमोठ्या रॉक वादकांनी या घूंशी झुंज दिली. आणि उपाय काय, तर पाणी टाका. मी हसलो नाही. संस्कार आड आले.

२४ मार्च

सासूबाई घरामागे जाऊन आल्या. अर्थिंगच्या खड्ड्यापाशी मोरीतले भांड्यांचे पाणी पडायचे, ते कोणी वळवले, अशी चौकशी केली. मी वळवले. जानेवारीत कॉलनीच्या बैठकीत सांडपाण्याच्या प्रश्नावर मी पाऊण तास बोललो होतो आणि त्याच आठवड्यात आमच्या मोरीचा पाइप खड्ड्याऐवजी गटारीकडे फिरवून दाखवला होता. मी नुसता बोलणारा नाही.

त्यांचा प्रश्न अप्रस्तुत होता. तसे सांगितले.

६ एप्रिल

निर्णायक पाऊल. नॉइज गेट नावाचे पेडल. आवाज ठराविक पातळीच्या खाली गेला की हे दार लावून घेते. घूं बाहेर. प्रयोग केला. घूं खरोखर बाहेर. सोलोतले निम्मे सूरही बाहेर. वाजवताना हात जरा हलका पडला की पेडल दार लावते.

पुन्हा ऐकले. एका अर्थी सोलो आता जास्त गंभीर वाटतो. मध्ये मध्ये मौन आहे. भार्गवीला विचारले. तिला वाटले नेट जाऊन राह्यलं.

पेडल कपाटात.

१३ एप्रिल, रविवार

आज पूर्ण नाकेबंदी. विजेची जी जी वस्तू घूं वाढवू शकते ती बंद: कूलर, पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर, कल्याणीचा मिक्सर. बाहेर बेचाळीस अंश. दुपारी एक ते चार कोणी काही चालू करणार नाही, असा हुकूम. घरातल्यांना एका ध्येयासाठी एवढेही करता येऊ नये?

घूं तशीच. दूध नासले. भार्गवी शेजारी गेली ती जेवूनच आली. कल्याणीने तीन तासांत एकच वाक्य उच्चारले, ते इथे लिहीत नाही. सासूबाई तेवढ्या काळा चष्मा लावून खुर्चीत शांत बसून होत्या. या घरात रॉक स्टारसारखे दिसणारे माणूस एकच आहे आणि ते मी नाही, हा या देशातल्या रॉकवरचा अन्याय.

१६ एप्रिल

निखिलने त्याचा सोलो ग्रुपवर टाकला. चौदा दिवस आधी. हा उतावळेपणा असुरक्षिततेतून येतो.

ऐकला. स्वच्छ आहे. दवाखान्याची फरशी असते तसा स्वच्छ. चुका नाहीत, म्हणजे आत्माही नाही. चार वेळा ऐकला, निव्वळ दोष शोधण्यासाठी.

मी घूंबद्दल ग्रुपवर सविस्तर लिहिले. त्यावर त्याने लिहिले, "केशव्या, तेव्हा गॅदरिंगची कार्यक्रमपत्रिका कोणी केल्ती रे? आठला लाइट जायची हे अख्ख्या गावाला पाठ होतं, अन् आपलं गाणं बराबर सात सत्तावनला."

सांस्कृतिक सचिव मी होतो, हे खरे. तेवीस कार्यक्रम होते. एखादे गाणे कुठेतरी येणारच. उत्तर द्यायलाही मी खाली उतरणार नाही. (लिहिले. पुसले. पुन्हा लिहिले. पुसले.)

२० एप्रिल, रविवार

सकाळी सासूबाई मागे गेल्या आणि पायाने पाइप फिरवला. चपलेसकट. मोरीचे पाणी परत खड्ड्यात. मग भार्गवीकडून दोन बादल्या पाणी आणि खडे मीठ टाकून घेतले. मी खिडकीतून पाहत होतो. अडवले नाही. त्यांचा भ्रम प्रयोगानेच फिटेल.

सायंकाळी ५. अँप लावला.

अँप चालू आहे हे लाल दिव्यावरून कळले.

घूं नाही.

झिणझिण्याही नाहीत. कल्याणी फ्रीजच्या दाराला तीनदा हात लावून आली आणि आईला म्हणाली की हे तू आल्या दिवशी सांगितलं होतंस. सासूबाई म्हणाल्या, सांगितल्तं. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. ते जास्त लागले.

असो. शत्रू पडला. सोलो उद्या.

२१ एप्रिल

रजा टाकून रेकॉर्ड केले. पहिल्यांदाच नुसती गिटार ऐकू आली.

हेडफोनमध्ये दोष असावा.

२२ एप्रिल

हेडफोन बदलले. मग स्पीकरवर. मग फोनवर. मग गाडीतल्या स्टिरिओवर, काचा वर करून.

सगळ्यांत एकच दोष आहे. तिसऱ्या ओळीपासून बोटे मागे राहतात. तार ओढून सूर चढवायचा, तो चढता चढता वाटेत बसतो. शेवटचा जलद भाग म्हणजे कोणी जिन्यावरून डबे सोडले आहेत.

भार्गवी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, घूं होती तेव्हा जरा भारी वाटत होतं."

डिजिटल रेकॉर्डिंग माणसाला माफ करत नाही. हे लोखंडी काळजाचे तंत्रज्ञान आहे. माझे मत कायम.

२३ एप्रिल

पहाटे पाचला उठलो. अडीच तास वाजवले. बोटांच्या टोकांना फोड. बावीस वर्षांत मऊ पडलेली कातडी आठ दिवसांत टणक होत नाही, हे मला आधी कोणी सांगितले नाही.

२५ एप्रिल

फोड फुटले. रियाज स्थगित.

२६ एप्रिल, शनिवार

डासांचा प्रश्न गंभीर आहे. उघड्यावर साचणारे पाणी हे आजारांचे माहेरघर. मी नागरिक आधी, कलाकार नंतर. कोणी पाहत नसताना पाइप परत गटारीकडे केला.

२८ एप्रिल

अँप लावून पाहिला. शांतता. खड्डा वाळायला किती दिवस लागतात, इंटरनेटवर कुठेही नाही. म्हणे माहितीचे युग.

२९ एप्रिल

शांतता. अपूर्वचा मेसेज: उद्या सहा, केशव. पुढे एक अंगठा.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी ११. रजा. लॅपटॉप समोर, फाइल समोर, पाठवायचे बटण समोर. घाई नाही. गेले चार दिवस रोज दुपारी वीज जाते आहे. वीज नसेल तर जगातला कोणताही कलाकार फाइल पाठवू शकत नाही.

दुपारी १. वीज आहे.

दुपारी ३. वीज आहे. त्रेचाळीस अंश, गावभर कूलर, आणि दिवा साधा मिचकतही नाही. या जिल्ह्यात काही म्हणता काही भरवशाचे राहिले नाही.

सायंकाळी ५.३०. मागे जाऊन आलो. पाइप खड्ड्याकडेच आहे. शेजारी सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या, काळा चष्मा, पायाशी मिठाची पिशवी. मी डासांबद्दल बोलू लागलो. त्यांनी बोलू दिले. मग म्हणाल्या, "मी तवाच परत फिरवला तो. तुम्ही एवढं बोलता, केशवराव. तेवढा येळ वाजवलं असतं तर एव्हाना आलं असतं."

सायंकाळी ५.५५. वीज आहे.

सायंकाळी ६.०२. अपूर्वला कळवले: सकाळपासून वीज नाही, लॅपटॉप बंद पडला, माझा नाइलाज आहे. लिहिताना पंखा डोक्यावर पाचवर फिरत होता.

सायंकाळी ६.१०. त्याचे उत्तर आले. "बरं. लीड निखिल, रिदम तू. आणि कार्यक्रमपत्रिका या वेळी मी करणार आहे."

मग उठून पंखा बंद केला.