पंख्याच्या आवाजाआड

४ नोव्हें. ९८, श्रीरामपूर

आज लाईट गेली नसती तर कळलंच नसतं.

दुपारी लग्नपत्रिकेचं काम घेऊन बसले होते. रूथ झोळीत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारीच तांदूळ निवडत होत्या, पण त्यांच्या कानाशी आता ताशा वाजवला तरी त्या 'कोण आलं?' विचारतात. लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, त्याचा पंखा किरकिरत थांबला, खोली एकदम गप्प झाली. आणि तो आवाज. घशातला, बारीक, उचकी अर्ध्यात अडकावी तसा. झोळी फाकवली तर पोरगी ताठ. डोळे वर गेलेले, ओठ निळे. केव्हापासून चाललं होतं कोण जाणे. मी दोन हातांवर पाठ करून 'चि. सौ. कां.' टाईप करत बसलेली.

कुशीवर वळवली. आत्याबाई कांदा फोडून नाकाला लावायला धावल्या, त्यांचा हात धरला. मग अंग सैल पडलं, झोपली.

पहिला झटका पावसाळ्यात आला तेव्हा ताप होता. आज ताप नाही. हेच वाईट.

५ नोव्हें.

हे आणि मी रूथला घेऊन नगरला, डॉक्टरांकडे. किती वेळा आला? दोनदा, मी सांगितलं. औषध थोडं सुरू केलंय, जास्त वेळा आला तर वाढवू म्हणाले. तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही, फक्त कुशीवर. 'आणि हिची झोप मोडू देऊ नका. झोप अपुरी झाली की झटक्याला निमित्त.' कोणीतरी सतत जवळ पाहिजे.

येताना एस.टी.त हे एक शब्द बोलले नाहीत. कारखाना सुरू झालाय, पाळ्या चालू, दमले असतील.

७ नोव्हें.

झोळी बंद करून पाहिली. खाली गादी, म्हणजे तोंड दिसेल. दहा महिन्यांची बाई ऐकतेय होय! रडून रडून घर डोक्यावर. झोप नाहीच. शेवटी झोळीत टाकली, दोन झोके, गप्प.

झोळीत काय दिसतं? कापडाचा फुगीर भाग. तोंड दिसत नाही, हात दिसत नाही. म्हणजे हिला डोळ्यांनी नाही, कानांनी राखायची. आणि कानाशी हा कॉम्प्युटरचा डबा.

डबा मीच निवडला होता. खोली एक, पुढे कपाट, मागे झोळी, म्हणून मुद्दाम लहान, आडवा, वर मॉनिटर ठेवता येईल असा. दिसायला गोजिरवाणा. आत चिपेवर ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर काडेपेटीपेक्षा जरा मोठा पंखा. तो इतका जोरात फिरतो की दुसरं काही ऐकायचं नाही. हौसेने घेतला तेव्हा हा आवाजसुद्धा आवडायचा मला.

हे म्हणाले, 'बंद कर ना काम थोडे दिवस.' ह्यांचं हंगामी, औषध बारमाही, कसं बंद करू? आणि खरं सांगायचं तर काम सोडून नुसती झोळीकडे बघत बसले तर मलाच वेड लागेल.

९ नोव्हें.

बूथवरून दीपकला फोन. त्यानेच नगरला हा डबा जुळवून दिलाय. म्हटलं, आवाज न करणारा पंखा पाहिजे.

'ताई, आवाज येतोय म्हंजी मशीन जित्तं हाय! लोकं आवाज बंद पडला म्हनून फोन करत्यात, तुमी चालू हाय म्हनून करताय.'

कारण सांगितलं नाही. आत्याबाईंची ताकीद: 'पोरीची जात हाय. फेफरं फेफरं करून गावभर करू नको. उद्या कोन दारात उभं ऱ्हाईल?' उद्या! मला आजची दुपार पार पडायची चिंता.

१२ नोव्हें.

एस.टी.च्या कंडक्टरबरोबर दीपकने पंखा पाठवला. स्टँडवर जाऊन घेतला, डबा उघडून स्वतः बसवला. चार स्क्रू, एक वायर, त्यात काही नाही.

नवा पंखा गुळगुळीत फिरतो. पण आधीचा भरडायचा, हा डासासारखा गातो. त्या बारीक सुरात तिचा बारीक आवाज साफ बुडेल. हा आधीपेक्षा वाईट.

दुपारभर दर ओळीनंतर उठून झोळीला कान लावला. पत्रिकेत चुकाच चुका. नवऱ्यामुलाचं आडनाव नवरीला लागलं, लग्नाआधीच.

१५ नोव्हें.

दीपक ह्या पंख्याला 'कूलर' म्हणतो; आत्याबाईंना वाटत होतं कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याचा. 'थंडीच्या दिसात पोरीला वारा घालतीस?' त्यांना डबा दाखवला, आतला पंखा दाखवला, खुणेने सांगितलं की हा ओरडतो म्हणून रूथ ऐकू येत नाही. त्यांना कळलं. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त बोचतं.

मग ट्रंकेतून जुनी लुगडी काढली. दोन दिवस बसून डब्याच्या मापाची गोधडी शिवली. चारी बाजूंनी बसणारी, पुढे बटणापुरतं भोक, कडेला हिरवा काठ. आज घातली. आवाज खरंच गेला! मी खूश, त्या त्याहून खूश. नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका अर्धी झाली आणि पडदा गोठला. काही हलेना. गोधडीखाली हात घातला तर डबा तव्यासारखा. गेलं सगळं काम.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण त्यांना काय बोलणार? गोधडी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. 'गारठ्यात पोरावर घालतो तशी घातली गं.' आता ती रूथच्या अंगावर आहे. तिला आखूड पडते.

१८ नोव्हें.

डबा मांडीवर घेऊन नगरला. वाचला, चिप जळली नाही. दीपक पुन्हा सुरू झाला, 'ताई, आवाजाचं एवढं मनावर...' आणि मी त्याच्या दुकानात सगळं बोलून टाकलं. झोळी, झटका, लाईट, सगळं. बोलताना रडले. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. होऊ दे गावभर.

दीपकने चहा सांगितला. थट्टा बंद. मग म्हणाला, 'आवाज पार न्हाई होनार, ताई. पन तो दुसऱ्या जातीचा करता यील.'

तीन प्रकार बरोबर दिलेत, घरी साड्या पसंत करायला नेतात तसे. एक, डासवाल्याचाच भाऊ, जरा मोठा. दोन, नुसता ठोकळा, उंच, पंखाच नाही. तीन, हाताच्या पंजाएवढा पंखा, वायर बदलून मुद्दाम हळू फिरवलेला, खाली बसका रुंद ठोकळा. पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे कंडक्टरकडे द्या.

२० नोव्हें.

बिनपंख्याचा ठोकळा लावला. सकाळी स्वर्ग. रूथचा श्वास इथून ऐकू येत होता. ऊन चढलं तशी मशीन अडखळायला लागली, जेवणाच्या वेळेला गोठलीच. शिवाय उंच, झाकण बसत नाही. आत्याबाईंचा पदर, रूथचे हात, उद्या ती रांगेल... नाही. बाद.

रात्रीपाळीहून आल्यावर हे झोपतात तेव्हा मी ह्यांचाही श्वास ऐकते हल्ली.

२२ नोव्हें., रविवार

आजचं आजच लिहिते.

उपासनेहून आल्यावर परीक्षा घ्यायची ठरवली. रूथला घेऊन आत्याबाई शेजारी. मी मॉनिटरपुढे नेहमीसारखी, पाठ करून. हे रिकाम्या झोळीमागे उकिडवे. म्हटलं, घशातला बारीक आवाज काढा, उचकी अडकल्यासारखा. ह्यांनी काढला तो शेळीचा. दोघंही हसलो. किती दिवसांनी हसलो.

'नीट काढा ना.'

लहान पंखा लावला, डासवाल्याचा भाऊ. मी टाईप करत बसले, वाट बघत. काहीच नाही. शेवटी मागे वळून म्हटलं, काढा की.

'चारदा काढला,' हे म्हणाले.

चारदा, आणि मी तिथेच बसलेली.

मग मोठा लावला. तो गुणगुणतो, जाड, खालच्या पट्टीत. पाठ केली. आणि मागून तो आवाज आला. स्पष्ट. हुबेहूब. अडकणं, मग ते ओढून घेणं, मग छोटंसं चक्‌. मी किंचाळून उठले, झोळीत हात घातला, झोळी रिकामी. रूथ शेजारी होती.

ह्यांच्याकडे पाहिलं. मी सांगितली होती फक्त उचकी. ते ओढून घेणं, ते चक्‌ मी सांगितलं नव्हतं. आणि दोन्ही झटक्यांना हे घरात नव्हते.

'तुम्हाला कसं माहीत?'

ह्यांनी झोळीची दोरी सरळ केली, मग खाली बघत, 'दिवाळीच्या आधी. पहाटं पाळीवरून आल्तो. तू नळावर गेल्ती. आपोआप थांबलं. मला वाटलं दचकली झोपेत.'

'एकदाच?'

'...नंतर परत एकदा.'

'आणि डॉक्टरांपुढे?'

'तू दोन म्हनालीस. तू आधीच एवढी भ्यालेली. मी मधी बोललो असतो तर तू तिथंच पडली असतीस.'

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. मला भीतीच एवढी वाटली की राग यायला जागा उरली नाही. म्हणजे माझ्या दोन्ही दिवसांच्या मध्ये आणखी दिवस आहेत. म्हणजे डॉक्टरांनी औषध दिलं ते दुसऱ्याच मुलीला.

२३ नोव्हें.

पुन्हा नगर. ह्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. डॉक्टर चिडले, बरोबरच आहे. औषध वाढवलं. पुण्याला नेऊन डोक्याचा आलेख काढावा लागेल म्हणाले. 'घाबरण्यासारखं आहे का?' विचारलं. 'आलेख येऊ दे,' म्हणाले. 'नाही' असं म्हणाले नाहीत.

२६ नोव्हें.

मोठा पंखा ठेवला. डब्यात मावत नव्हता, म्हणून पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्याकडून झाकणाला गोल भोक पाडून घेतलं. 'धान्य कुठून काढायचं ह्यातून?' त्याने विचारलं. मॉनिटर आता बाजूला, टेबलाची सगळी जागा खाल्ली. गोजिरवाणेपणा संपला. बाकीचे दोन कंडक्टरकडे परत.

एकच खोड. हळू चालवलाय म्हणून कधीकधी सुरुवातीला फिरतच नाही, बोटाने ढकलावा लागतो. आणि फिरतोय की नाही हे कामात असताना आवाजावरून चटकन कळत नाही. म्हणून मधूनमधून डब्यावर हात ठेवून बघते, मग उठून झोळीवर.

३० नोव्हें.

आता सगळं ऐकू येतं. नळ, शेजारच्या कुकरची शिट्टी, आत्याबाईंच्या पानाच्या पिशवीचे खुळखुळणारे मणी. रूथचा श्वास. एक गेला की पुढचा येईपर्यंतची जागासुद्धा ऐकू येते. ती जागा इतकी मोठी असते हे मला ठाऊक नव्हतं. आधी ऐकू येत नाही म्हणून भीती, आता येतं म्हणून. टायपिंग दिवसभरात अर्धं पान.

वाढलेल्या औषधाने पेंगते. हसते कमी. हे झोपेचं आहे की दुसरं काही, कोणाला विचारू?

झटका नाही. माझ्यासमोर तरी नाही.

२ डिसें.

हे पाळीवरून आले की मी नळावर जाते, परतले की ह्यांना माझा आधी हाच प्रश्न, 'पहाटे काही?' 'न्हाई.' मी तोंडाकडे बघते. ऑक्टोबरातही हेच तोंड होतं, असाच चहा प्यायले असतील, असंच 'न्हाई' म्हणाले असतील. दुधाने तोंड पोळलंय. वाईट माणूस नाही हा. माझ्या काळजीनेच खोटं बोलला. म्हणून तर विश्वास ठेवायला कठीण, काळजी काही संपलेली नाही.

आज म्हटलं, 'शपथ घ्या.' म्हणाले, 'शपथ घिऊ नये आपल्यात.' मग थोड्या वेळाने, 'खरंच न्हाई गं.'

६ डिसें.

पुण्याची तारीख मिळाली, पुढच्या आठवड्यात.

दुपारी नाताळच्या पत्रिकेचं राहिलेलं घेऊन बसले. पंखा गुणगुणत होता. झोळी हलायची थांबली होती. मधेच काहीतरी ऐकलंसं वाटलं. बोटं तशीच थांबली. उठले, झोळी फाकवली. झोपलेली. ओठ लाल, मूठ गालाखाली. कुशीवर वळवायची गरज नव्हती तरी हात तिच्या पाठीखाली गेलाच. स्वप्नातलं चोखणं असेल. की संपलेलं असेल मी पोचेपर्यंत? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

तेवढ्यात हे दारात. मला झोळीपाशी उभी पाहून चप्पल तशीच पायात.

'काय झालं?'

'काही नाही,' मी म्हटलं.

'खरंच?'

'खरंच काही नाही.'

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघते ना, अगदी तसेच. मग जवळ आले, वाकले आणि स्वतः झोळीला कान लावला. मी बाजूला झाले नाही. दुसऱ्या बाजूने मीही लावला.