डोणीवरची पाटी

४ जानेवारी
बारवेचं काम संपत आलं. गाळ निघाला, पायऱ्या मोकळ्या झाल्या. चांगलं झालं. पण आज नगरहून काळ्या दगडाची पाटी आली. मजकूर गुरुजींचा, बारवेचं सगळं त्यांच्याच हाती. 'या बारवेने समस्त गावाची तहान भागवली. बाहेरील दगडी डोणी जनावरांसाठी.' वाचून कानशिलं तापली.

जनावरांसाठी! माझी आई त्या डोणीतून पाणी भरायची. आत उतरायची आम्हाला बंदी. वरच्या आळीतल्या बाया घागर आणून कठड्यातल्या पन्हळीत ओतायच्या, ते बाहेर डोणीत पडायचं. गुरांची डोणी पलीकडं, मोटेच्या अंगाला. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी स्वतःची विहीर खणली, मग इकडं कुणी फिरकलं नाही.

५ जाने.
पाटी बसवायचं काम कुणाला, तर संजयला. माझ्याच पोराला. ओळंबा धरायला मीच शिकवलं त्याला.

म्हटलं, बसवू नको. तर म्हणतो, "आबा, गुरुजींच्या शब्दावर मला गावात कामं मिळत्यात. तुमी घरात बसून बोलता, भाएर मला फिरावं लागतं."

ताट सारलं. शुगरमुळं उपाशी राहता येत नाही, म्हणून नंतर अर्धी भाकरी खाल्ली. धड रागवायचीही सोय नाही.

७ जाने.
गुरुजींकडं गेलो. पाचवीपर्यंत एका वर्गात होतो. मी शाळा सोडली, ते गुरुजी झाले.

"किसन, दगडाला काय माहीत कोण प्यालं?"

माहीत आहे, म्हटलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. डोणीच्या काठाला घागरी टेकून तीन खळगे पडलेत. गुरांच्या माना लागून असे पडत नाहीत.

"लेखी काही आहे का?"

आईला लिहिता येत असतं तर असतं.

"अरे, लोक बघायला येणार, फोटो काढणार. जुनं कशाला उकरायचं?"

मग गाळ कशाला उकरला? पण हे सुचलं रस्त्यावर आल्यावर. नेहमीचंच.

९ जाने.
गंगूबाई पाटलीण. नव्वदीच्या पुढं. पाणी ओतणाऱ्यांतली तेवढी एकच उरली. भीतभीत गेलो. मुलगा मळ्यात होता, बरं झालं.

"कोन, हौसाचा किसन का रं? बस की, हुभा का?"

डोणीचं विचारलं.

"व्हय, मीच वतायचे की. यकदा तुजी आई माज्याकडं बघून हसली. मला आला राग. ऊन डोक्यावर येस्तवर पानी दिलं न्हाई. तू कडंवर हुतास, लई रडत हुतास."

आईनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"लिव म्हनावं पाटीवर. गंगू वतायची म्हनून लिव."

सुनेनं चहा आणला. घ्यावा की नाही कळेना. घेतला. माफ केलं असं काही तोंडातून निघालं नाही. निघणारही नाही.

१० जाने.
गुरुजींना सांगितलं. "म्हातारीला काही आठवत नसतं रे. परवा उद्घाटन, आता कोरलेलं कसं पुसणार?"

मला बारीकसारीक सगळं आठवतं, तेही तुम्हाला चालत नाही, म्हटलं. या वेळी तिथंच सुचलं. पण आवाज फार चढला. गोळी घ्यायची राहिली.

संजयला गंगूबाईचं सांगितलं.

११ जाने.
दुपारी संजयचा फोन. "आबा, जरा बारवेवर या."

गेलो. पाटी डोणीला टेकवून ठेवलेली. घमेल्यात सिमेंटचा माल कालवलेला. तो कडेला बसून, हात कोरडे.

"आज्जीला किती येळ हुबं केलं हुतं म्हनालात?"

ऊन डोक्यावर येईपर्यंत.

"बसवू का?"

गुरुजी चिडले तर त्याची कामं जातील, दोन लेकरं आहेत त्याची. म्हटलं, थांब. तो थांबला. आम्ही दोघं बसून राहिलो. माल घमेल्यातच आळला. त्यानं ठोकून काढला नि पाटी तशीच ठेवून आला.

आल्यावर गंगूबाईचा निरोप. "मला उद्या बारवेवर न्या. घरातलं कोन न्हेनार न्हाई. तुमी बापलेक या."

उद्या उद्घाटन, सगळं गाव असणार. तिला चालवत नाही. खुर्चीसकट उचलून न्यावं लागेल. तिच्या मुलानं दारातच अडवलं तर? आणि नेऊन ती चारचौघांत बोललीच नाही तर?

संजय म्हणतो, हातवाली खुर्ची पायजे, तिला धरायला.

शेजारून मागून आणली.